'कळवतो' नंतरचे दिवस

वही लांबट, शंभर पानी, किराणा दुकानात उधारी मांडायला वापरतात तसली. कर्वेनगरमधल्या एका कॉट बेसिसच्या खोलीत ती गादीखाली असते. वहीचा मालक सांगली जिल्ह्यातल्या एका खेड्यातला मुलगा. मेकॅनिकलची पदवी, दोन वर्षं चाकणच्या एका व्हेंडर कंपनीत क्वालिटीचं काम, मग 'आयटीत पगार बरे' म्हणून नोकरी सोडून सॉफ्टवेअर टेस्टिंगचा क्लास. तेव्हापासून मुलाखती चालू आहेत. वहीत पट्टीने आखलेले सहा रकाने: कंपनी, तारीख, कितवा राउंड, कोण बोललं, शेवटी काय म्हणाले आणि सहावा, 'कळवलं?'

मी वही पाहिली तेव्हा एकतीस ओळी भरल्या होत्या. पाचव्या रकान्यात बहुतेक ठिकाणी एकच शब्द होता, 'कळवतो'. पुढे पुढे तर त्याने तो पूर्ण लिहायचंही सोडून नुसतं 'क.' लिहिलं होतं. सहाव्या रकान्यात चार खुणा. उरलेल्या सत्तावीस जागा कोऱ्या.

"सर, नकाराचं काही नाही," तो म्हणाला. "त्या चौघांनी नाही म्हणून मेल केला, त्या रात्री मी नीट झोपलो. बाकीच्यांचं काय करायचं ते कळत नाही. आई रोज फोनवर विचारते, त्या कंपनीचं काय झालं रे? मी म्हणतो, अजून कळवलं नाही. तिला वाटतं मीच काहीतरी लपवतोय."

हा लेख त्या सत्तावीस कोऱ्या जागांबद्दल आहे.

आपल्याच अक्षरातलं पाकीट

मी नोकरी शोधत होतो ते दिवस नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीचे. रविवारच्या पेपरातल्या जाहिराती लाल शाईने खुणा करून कापायच्या. कित्येक जाहिरातींच्या तळाशी एक ओळ असायची: अर्जासोबत स्वतःचा पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं पाकीट जोडावं. म्हणजे उत्तराचा खर्चसुद्धा अर्जदाराने आधीच भरून ठेवायचा. त्या वेळी याचा राग यायचा. आज वाटतं, त्या पाकिटात एक करार होता. तिकीट लावलेलं पाकीट समोरच्याच्या टेबलावर पडून राहिलं, तर त्याला ते डोळ्यांना टोचत असणार.

एका कारखान्याच्या मुलाखतीनंतर दीड महिन्याने पोस्टमनने माझं ते पाकीट आणून दिलं. वर माझंच अक्षर. आत सायक्लोस्टाइल केलेला कागद, मोकळ्या जागेत माझं नाव टाइप केलेलं, तेही चुकलेलं. त्याला 'रिग्रेट लेटर' म्हणत. दोन दिवस मी कुणाशी धड बोललो नाही आणि तिसऱ्या दिवशी पुढचा अर्ज टाकला. चुकीच्या नावाच्या त्या कागदाने एक काम चोख केलं होतं. त्या कारखान्याचा विषय त्याने माझ्या डोक्यातून काढून टाकला.

पुढे १९९७ साली नोकरी डॉट कॉम आलं, २००३ मध्ये लिंक्डइन. अर्ज करायला पाकीट लागेना, तिकीट लागेना. एका संध्याकाळी चाळीस ठिकाणी अर्ज करणं बसल्या जागी शक्य झालं. उत्तर देणंही तेवढंच फुकट झालं होतं. तरी उत्तरं आटली. आणि आटली ती विचित्र जागी. अर्ज केला की 'तुमचा अर्ज मिळाला' असा मेल अर्ध्या मिनिटात येतो, कारण तो यंत्र पाठवतं. पण तीन राउंड दिलेल्या, आपल्या पोटाचं गणित अनोळखी माणसांसमोर मांडून आलेल्या उमेदवाराला 'नाही' कळवायचं असेल, तर कुणीतरी माणसाने ठरवून एक बटण दाबावं लागतं. ते दाबायचं राहून जातं.

का राहून जातं, हे विचारायला मी बटणापाशी बसणाऱ्यांकडे गेलो.

मधल्या माणसाचं गणित

बाणेरमध्ये फर्निचरच्या दुकानाच्या वर दोन खोल्यांचं एक ऑफिस आहे. दारावर पाटी कन्सल्टन्सीची. आत सहा मुली आणि दोन मुलगे हेडफोन लावून बोलत असतात: सध्याचा सीटीसी किती, अपेक्षा किती, नोटीस पिरियड किती. दर फोनला तेच तीन प्रश्न, त्याच क्रमाने. तिथली सगळ्यांत अनुभवी रिक्रूटर पस्तिशीची आहे, मूळची नाशिकची. तिने मला तिच्या फोनवरचं व्हॉट्सॲप उघडून दाखवलं. न वाचलेल्या संदेशांचा आकडा तीन अंकी होता आणि बहुतेक संदेशांची सुरुवात सारखी: 'हाय मॅम, एनी अपडेट?'

"तुम्ही उत्तर का देत नाही?" मी सरळच विचारलं.

"कारण माझ्याकडे उत्तर नसतं," ती तितक्याच सरळपणे म्हणाली. "कंपनीतला मॅनेजर मला फीडबॅक देत नाही. मी त्याला तीनदा विचारलं तर तो माझाही फोन घेत नाही. मग मी या मुलांना काय सांगू? 'इंटरनल डिस्कशन चालू आहे' म्हणते. खरंच चालू असेल, नसेलही."

तिचं गणित समजून घेण्यासारखं आहे. आपल्याकडे कन्सल्टन्सीचं कमिशन बऱ्याचदा उमेदवाराच्या वार्षिक पगाराच्या ८.३३ टक्के असतं. हा आकडा विचित्र वाटतो, पण तो आहे साधा बारावा हिस्सा, एका महिन्याचा पगार. बारा लाखांच्या माणसामागे साधारण एक लाख. हे पैसे मिळतात माणूस रुजू झाल्यावर, आणि तो ठरावीक मुदतीच्या आत सोडून गेला तर त्याच्या बदली दुसरा फुकट शोधून द्यायचा. म्हणजे तिच्या दिवसातला जो फोन नोकरी लावण्याकडे नेत नाही, त्याची किंमत शून्य. 'तुमचं झालं नाही' हा फोन त्यात सर्वांत तोट्याचा. त्यात वेळ जातो, समोरचा कारण विचारतो, कधी चिडतो, कधी रडतो.

"आणि कारण सांगायची सोय नाही," कंपनीच्या आतल्या बाजूला बसणाऱ्या, खराडीतल्या एका टॅलेंट ॲक्विझिशनवाल्याने भर घातली. "कारण लेखी दिलं की उद्या तेच कागद घेऊन कुणी भांडायला येईल, म्हणून आम्हाला वरून सांगितलेलं असतं, नेमकं काही लिहू नका. मग माणूस काहीच लिहीत नाही."

म्हणजे गप्प राहणाऱ्यांची ही एक साखळीच असते. मॅनेजर एचआरला सांगत नाही, एचआर कन्सल्टन्सीला, कन्सल्टन्सी उमेदवाराला. साखळीच्या टोकाला तो मुलगा बसलेला असतो आणि त्याला वाटतं, ही शांतता आपल्यालाच उद्देशून आहे.

दोन नंबरचा उमेदवार

पण सगळं आळसावर आणि भीतीवर टाकूनही चालणार नाही. शांततेचं एक कारण आपल्या आयटी क्षेत्राच्या रचनेतच आहे आणि त्याचं नाव आहे नव्वद दिवसांचा नोटीस पिरियड.

समजा, एका जागेसाठी पाच जण शेवटच्या फेरीत पोचले. पहिल्याला ऑफर गेली, त्याने ती स्वीकारली. आता तो त्याच्या जुन्या कंपनीत राजीनामा देणार आणि तीन महिने तिथे काढणार. या तीन महिन्यांत त्याच्या हातात आपली ऑफर आहे. ती दाखवून तो तिसऱ्या कंपनीकडून जास्तीची मिळवू शकतो. याला धंद्यात 'ऑफर शॉपिंग' म्हणतात. शेवटच्या दिवशी तो आला नाही, तर जागा रिकामी. म्हणून कंपनी दोन नंबरच्या उमेदवाराला 'नाही' म्हणत नाही. त्याला 'हो'ही म्हणता येत नाही. त्याचं प्रोफाईल 'होल्डवर' राहतं. पहिला सोमवारी सकाळी लॅपटॉप घ्यायला आला, की दुसऱ्याचा विषय आपोआप संपतो; इतका आपोआप, की त्याला तो संपल्याचं सांगायचं कुणाच्या लक्षातही येत नाही.

त्या कोऱ्या सत्तावीस जागांपैकी काहींमध्ये हा मुलगा दोन नंबरला होता, हे अगदी शक्य आहे. म्हणजे तो नापास झालेला नव्हता, राखीव होता. हे त्याला कुणी सांगितलं असतं तर त्याचे ते तीन महिने निराळे गेले असते.

सर्व्हिस कंपन्यांमध्ये आणखी एक गाठ असते. माणूस निवडायचा तो परदेशातल्या एखाद्या क्लायंटच्या प्रोजेक्टसाठी. कंपनीची मुलाखत पार पडते, मग क्लायंटची फेरी होते आणि तेवढ्यात क्लायंट बजेट आवरतो. पोझिशन फ्रीझ. ज्याने मुलाखत घेतली त्यालाही हे आठवड्याने कळतं.

पत्रिका जमत नाही

हे सगळं ऐकताना मला सारखी आठवण येत होती ती आपल्या कांदेपोह्यांची. मुलीच्या घरी बैठक व्हायची, पोहे व्हायचे, मुलीला दोन प्रश्न विचारले जायचे आणि उठताना मुलाचे वडील चपला घालता घालता म्हणायचे, "कळवतो." हे क्रियापद मराठीत फार सोयीचं आहे. कुणाला ते नाही, कधी ते नाही, आणि वर्तमानकाळात असल्यामुळे जणू कळवायला सुरुवात झालीच आहे.

नकाराची भाषाही तिकडूनच इकडे आल्यासारखी वाटते. तिकडे 'पत्रिका जमत नाही', इकडे 'बजेट मॅच होत नाही'. तिकडे 'मुलगा म्हणतोय इतक्यात नको', इकडे 'पोझिशन तूर्त होल्डवर आहे'. तिकडे 'घरात मोठ्यांशी बोलायचंय', इकडे 'मॅनेजमेंटचं अप्रूव्हल बाकी आहे'. आणि 'आमच्या नात्यात दुसरं कुणी असेल तर बघतो' याचं भाषांतर 'तुमचं प्रोफाईल आमच्या डेटाबेसमध्ये ठेवतो' असं झालं आहे.

पण एका बाबतीत जुनी पद्धत सरस होती. नकार असेल तर पत्रिका आणि फोटो परत येत. कुणी काही बोलत नसे, पण पोस्टाने किंवा मध्यस्थाच्या हाती ते पाकीट आलं की घराला कळायचं. मुलीच्या आईला वाईट वाटायचं आणि वडील दुसऱ्या स्थळाचा पत्ता काढायचे. मध्यस्थही हे काम टाळू शकत नसे, कारण पुढच्या लग्नसराईत दोन्ही घरं त्याला कुठल्या तरी मांडवात भेटणारच होती. आजच्या रिक्रूटरला उमेदवार पुन्हा कधीच भेटणार नसतो, आणि पीडीएफ परत करायची पद्धत नाही.

जपानी लोकांनी या प्रकाराला नाव देऊन ठेवलं आहे. तिथल्या कंपन्यांची नकाराची पत्रं 'आपल्या पुढील यशासाठी प्रार्थना करतो' अशा धर्तीवर संपतात, म्हणून नोकरी शोधणारी मुलं त्या मेलला 'प्रार्थना मेल' म्हणतात. आणि कंपनीने काहीच कळवलं नाही, तर त्याला म्हणतात 'मूक प्रार्थना'.

पारडं कुणाकडे

बाणेरच्या त्या मॅडमनी मला निघू दिलं नाही. "आमच्यावर लिहिताय, तर दुसरी बाजूही लिहा," म्हणाल्या. "२०२१ आणि २०२२ मध्ये या मुलांनी आम्हाला रडवलंय. जॉइनिंगच्या दिवशी सकाळी फोन स्विच्ड ऑफ. रिसेप्शनवर वेलकम किट तयार, माणूस गायब. दोन दिवसांनी लिंक्डइनवर बघावं तर दुसऱ्याच कंपनीचा फोटो."

खरं आहे ते. कोविडनंतर सॉफ्टवेअरच्या कामाला अशी भरती आली होती, की माणसं टिकेनात. जून २०२२ ला संपलेल्या तिमाहीत इन्फोसिसने सांगितलेला नोकरी सोडणाऱ्यांचा वार्षिक दर २८.४ टक्के होता. एकेका मुलाच्या हातात तीन-तीन ऑफर लेटरं होती आणि गप्प बसायची चैन त्याला परवडत होती. मग वारं फिरलं. २०२३-२४ या आर्थिक वर्षात टीसीएसचे कर्मचारी १३,२४९ नी घटले आणि जुलै २०२५ मध्ये कंपनीने साधारण दोन टक्के, म्हणजे बारा हजारांहून अधिक माणसं कमी करण्याचं जाहीर केलं. आता गप्प बसणं कंपन्यांना परवडतं.

नुसत्या मुलाखतीनंतरच शांतता असते असंही नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये विप्रोने साडेसहा लाखांची ऑफर दिलेल्या, प्रशिक्षण पुरं करून वाट पाहत बसलेल्या नवोदितांना साडेतीन लाखांवर यायला तयार आहात का, असं विचारलं. इन्फोसिसने २०२२ च्या बॅचमधून निवडलेले सुमारे दोन हजार पदवीधर ऑफर हातात असूनही दोन वर्षं रुजू होण्याच्या तारखेकडे डोळे लावून होते. पुण्यातून चालणाऱ्या 'नाइट्स' या आयटी कर्मचाऱ्यांच्या संघटनेने ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय कामगार मंत्रालयाकडे तक्रार केली, वर्तमानपत्रांनी विषय लावून धरला आणि ऑक्टोबरपासूनच्या तारखा मुलांच्या हातात पडल्या. एकेकट्याने पाठवलेले मेल वर्षभर कुठे जात होते कोण जाणे. एकत्र येऊन विचारल्यावर उत्तर मिळालं.

पंचवीस माणसांचा नियम

विचारण्याचा हक्क कायद्याने कुठे मिळतो का? सरकारी नोकरीत काही प्रमाणात मिळतो. यादी जाहीर होते, माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा आहे, दहा रुपयांच्या अर्जावर तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. यूपीएससीने तर मुलाखतीपर्यंत पोचून अंतिम यादीत न आलेल्या, संमती दिलेल्या उमेदवारांची माहिती इतर नोकरदात्यांसमोर ठेवायची योजना २०१८ मध्ये सुरू केली. २०२५ मध्ये तिला 'प्रतिभा सेतू' असं नवं रूप मिळालं. शेवटच्या दारातून परत फिरलेल्या माणसाचीही नोंद घ्यायला हवी, हे तिथे निदान मान्य झालं आहे.

खासगी क्षेत्रात तसं काही नाही. १९५९ साली आपल्याकडे रिक्त पदं सेवायोजन कार्यालयाला कळवण्याची सक्ती करणारा कायदा झाला. पंचवीस किंवा अधिक माणसं कामाला असलेल्या खासगी आस्थापनेने रिकामी जागा सरकारला कळवायची, हे त्याने सांगितलं. त्या जागेसाठी मुलाखत दिलेल्या माणसाला काही कळवायचं, हे त्या वेळी कुणाच्या मनात आलं नसावं.

योगायोगाने हाच पंचवीसचा आकडा कॅनडातल्या ओंटारिओ प्रांताने घेतला आहे. तिथला १ जानेवारी २०२६ पासूनचा नियम असा: पंचवीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या मालकाने जाहिरात देऊन भरलेल्या जागेसाठी ज्याची मुलाखत घेतली, त्याला शेवटच्या मुलाखतीपासून पंचेचाळीस दिवसांच्या आत निर्णय झाला की नाही हे कळवायचं. भेटून, लिहून किंवा मेलने, कसंही. आणि कळवल्याची नोंद तीन वर्षं जपून ठेवायची. नियम कारण मागत नाही, फक्त कोरी जागा भरायला सांगतो. टोरोंटोच्या आसपास स्थिरावलेल्या हजारो मराठी कुटुंबांना हा नियम आता लागू आहे. त्यांच्या पुण्यातल्या भाच्यांना नाही.

अमेरिकेत असा देशव्यापी नियम नाही, आणि तिथल्या मराठी माणसाला त्याची गरज सगळ्यांत जास्त आहे. एच-वन-बी व्हिसावर असलेल्याची नोकरी गेली, तर जानेवारी २०१७ पासूनच्या नियमानुसार त्याला जास्तीत जास्त साठ दिवस मिळतात. तेवढ्यात नवा मालक, नवा अर्ज, नाहीतर घर आवरून परत. न्यू जर्सीतल्या माझ्या एका नातेवाइकाने ते साठ दिवस काढले आहेत. तो म्हणतो, "मुलाखत चांगली झाली की जास्त भीती वाटायची. तिथे आठ दिवस वाट बघायची, की सोडून दुसरीकडे धावायचं?" तिसाव्या दिवशी त्याने लाज सोडली. प्रत्येक रिक्रूटरला मेलमध्ये आपली शेवटची तारीख स्पष्ट लिहायला लागला. दोघांनी तात्काळ 'नाही' म्हटलं. एकाने मॅनेजरला जागं केलं. बेचाळिसाव्या दिवशी त्याचं काम झालं.

पाठपुरावा आणि पिच्छा

इंग्रजी 'फॉलोअप'ला मराठीत पाठपुरावा हा नेटका शब्द आहे. त्याच धातूचं दुसरं रूप म्हणजे पिच्छा पुरवणं. दोन्हींत माणूस पाठीमागे असतो. पाठपुरावा करणारा कामाच्या मागे असतो आणि पिच्छा पुरवणारा माणसाच्या. रिक्रूटर लोकांशी बोलल्यावर या दोहोंमधली रेघ मला बरीच स्पष्ट झाली.

सुरुवात मुलाखतीच्या खोलीतच करायची. उठण्याआधी, 'तुम्हाला काही विचारायचंय का?' असं ते म्हणतात तेव्हा, दोन गोष्टी विचारून घ्यायच्या: निर्णय साधारण कधी होईल, आणि तोवर कळलं नाही तर मी कुणाला लिहू? या दोन प्रश्नांनी 'कळवतो'ला कर्म मिळतं आणि काळही. बहुतेक मुलं हे विचारत नाहीत. आगाऊपणा वाटेल अशी त्यांना भीती असते. मी ज्यांच्या ज्यांच्याशी बोललो, त्यांतल्या एकाही मुलाखत घेणाऱ्याला तो आगाऊपणा वाटत नव्हता.

त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी आभाराचा छोटा मेल. अमेरिकेत तो रिवाजच आहे, आपल्याकडे कुणी पाठवला तर लक्षात राहतो. त्यात मुलाखतीत झालेल्या एखाद्या नेमक्या गोष्टीचा उल्लेख हवा. नुसतं 'थँक्यू फॉर युवर टाइम' लिहिलं, तर ते सायक्लोस्टाइल केलेल्या कागदासारखंच.

मग थांबायचं. त्यांनी सांगितलेली तारीख उलटून दोन कामाचे दिवस गेले की पहिली विचारणा. तारीख सांगितली नसेल, तर एक आठवडा. विषयाच्या ओळीत पद आणि मुलाखतीची तारीख, आत चार ओळी. मेल इंग्रजीतच जाणार, पण आशय मराठीत सांगायचा तर असा: 'अमुक तारखेला अमुक पदासाठी माझी दुसरी फेरी झाली. निर्णय साधारण पंधरा तारखेपर्यंत होईल असं आपण म्हणाला होतात. मला या कामात अजूनही रस आहे. प्रक्रिया कुठवर आली आहे आणि पुढचं कधी कळेल, हे सांगाल का?' यात गयावया नाही, टोमणा नाही, 'एनी अपडेट?' नाही. "'एनी अपडेट?' लिहिणाऱ्याचं नाव माझ्या फोनमध्ये सेव्ह नसतं," बाणेरच्या मॅडम म्हणाल्या. "कोण, कुठली कंपनी, कुठली पोझिशन, हे शोधायला मला दहा मिनिटं लागतात. मग मी तो संदेश खाली ढकलते. ज्याने सगळं लिहिलेलं असतं, त्याला मी जाता जाता उत्तर देते."

दुसरी ऑफर आली असेल तर ती मुदतीसकट कळवावी. मात्र नसलेली ऑफर रचू नये. पुण्यातलं एचआरचं जग गावकीएवढंच आहे. 'नाही' आलं, तर दोन ओळींत आभार मानून पुढच्या वेळी विचार करा असं लिहावं. दोन नंबरचा उमेदवार अनेकदा तीन महिन्यांनी एक नंबरचा होतो, आणि शिव्या घालून गेलेल्याला कुणी परत फोन करत नाही.

पिच्छा कुठे सुरू होतो? रात्री नऊनंतरच्या फोनपाशी. एकाच दिवशी मेल, व्हॉट्सॲप आणि लिंक्डइन अशा तिन्ही दारांवर थाप मारण्यापाशी. रिक्रूटरला सोडून थेट मॅनेजरच्या फेसबुकवर जाण्यापाशी. एका मुलाच्या वडिलांनी तर कंपनीच्या गेटवर येऊन सिक्युरिटीला पेढे दिले होते, असं मला एकाने सांगितलं. हसू आलं, मग वाईट वाटलं. भोसरी-चाकणच्या कंत्राटी कामगाराला तर गेटवर जाण्यावाचून इलाजच नसतो. तिथे मेल नाही, एचआर नाही. ठेकेदाराचा सुपरवायझर 'उद्या या' म्हणतो आणि उद्या गेलं नाही तर जागा दुसऱ्याची. तिथला पाठपुरावा चपलेच्या टाचा झिजवून होतो.

एक सावधगिरी. वाट बघणारा माणूस ठकांना लांबून ओळखू येतो. मुलाखतीनंतर आठवड्याने 'एचआर'चा फोन येतो: तुमचं सिलेक्शन झालं, लॅपटॉपसाठी परत मिळणारं डिपॉझिट भरा. नोकरी देणारा पैसे मागत नाही, हे पाठ असलेली मुलंही त्या क्षणी भरतात, कारण अखेर कुणीतरी 'कळवलेलं' असतं. असा फोन आला तर पैसे न भरता कंपनीच्या अधिकृत मेलवर खात्री करावी. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० हा सायबर हेल्पलाइनचा नंबर लावावा.

सहावा रकाना

आणि इतकं करूनही उत्तर आलं नाही तर? पहिली विचारणा, आठवड्याने दुसरी, आणि त्यानंतर आठ-दहा दिवसांनी तिसरी, शेवटची. तिच्यात लिहायचं, की आपल्याकडून काही कळलं नाही, त्यामुळे मी ही प्रक्रिया माझ्या बाजूने संपली असं धरतो. पुढे कधी जागा निघाली तर जरूर विचारावं. खराडीच्या त्या गृहस्थाने सांगितलं, की या तिसऱ्या मेलला त्यांच्याकडून उत्तर जायची शक्यता सगळ्यांत जास्त असते. "हा माणूस काही मागत नाहीये, दार लावून घेतोय. आपल्यालाच ओशाळल्यासारखं होतं."

हे सगळं मी कर्वेनगरच्या मुलाला सांगितलं. मला वाटलं होतं तो म्हणेल, सर, हे तुम्हाला सांगायला सोपं आहे. तो काही बोलला नाही. भाद्रपद संपता संपता पुन्हा त्याच्या खोलीवर गेलो. नोकरी लागलेली नव्हती. एका ठिकाणी दुसरा राउंड झाला होता. खोलीतल्या दुसऱ्या कॉटवरचा मुलगा परीक्षेच्या अभ्यासाला बसला होता, म्हणून आम्ही जिन्यात येऊन हळू आवाजात बोललो.

वही त्याने स्वतःहून पुढे केली. नवीन पानावर सहाव्या रकान्याचं नाव बदललं होतं. 'कळवलं?' खोडून त्याने 'विचारलं?' केलं होतं आणि खाली तीन तारखांना पुरेल एवढी जागा. मागच्या पानांवरच्या जुन्या ओळींवर, जिथे तिसरी तारीखही उलटून गेली होती, तिथे निळ्या शाईने, पट्टी धरून, डावीकडून उजवीकडे सरळ रेघ मारलेली होती.

"सत्तावीसपैकी सहा जणांनी उत्तर दिलं सर," तो म्हणाला. "सहाही नाहीच म्हणाले. एकीने लिहिलं, तू सेकंड होतास."

"आणि बाकीचे एकवीस?"

"त्यांचं मीच त्यांना कळवून टाकलं."